टेकडी जशी आहे तशी

मागच्या हिवाळ्यात पालघरच्या एका सरकारी कचेरीतून मला बोलावणं आलं. मी गेले, तर साहेबांच्या टेबलावर मीच काढलेले दोन फोटो शेजारी शेजारी ठेवलेले. एकात पिवळंधमक गवत, एकच ताड आणि भरपूर आभाळ. दुसऱ्यात झाडाला झाड लागलेलं, आभाळाचा पत्ता नाही. दोन्ही एकाच टेकडीचे. साहेबांनी विचारलं, "यातला खरा कुठला?" ज्या कामात माझे केस पांढरे झाले त्या कामाबद्दलचा इतका साधा प्रश्न, आणि मला धड उत्तर देता आलं नाही. अजूनही देता येत नाही. लिहिता लिहिता काही सुटलं तर बघू, म्हणून बसले आहे.

बोईसरला माझा फोटो स्टुडिओ होता. यंदा भाच्याच्या बायकोने तिथे मोबाइलचं दुकान घातलंय. मी मूळची सांगलीकडची. नवरा तारापूरच्या एका कारखान्यात फिटर, म्हणून लग्नानंतर इकडे आले. सुरुवातीला पासपोर्ट फोटो, बारशी, लग्नं, नंतर कारखान्यांच्या मालाचे फोटो. व्हॉल्व्हचे, पाइपांचे, गोळ्यांच्या डब्यांचे. त्यातून जरा सवड मिळाली की पहाटे नवऱ्याच्या स्कूटरवर बसून चिंचणीच्या किनाऱ्यावर जायचं आणि पक्षी टिपायचे. तो वाळूत वर्तमानपत्र वाचत बसायचा, मी चिखलात. पुढे या चिखलातल्या फोटोंनीच मला थोडं नाव दिलं. कारखान्यांची कॅलेंडरं, हॉटेलांच्या भिंती, दवाखान्यांच्या बाहेरच्या खोल्या यांना निसर्ग हवा असतो, आणि तो मी पुरवायची.

निसर्गाचा फोटो म्हणजे नेमकं काय काम, हे बाहेरच्या माणसाला सांगायचं तर असं. आपण उभं राहून बघतो तेव्हा समोर सगळाच गोंधळ असतो. फांद्या, तारा, कचरा, धूर, मध्येच कुणाची तरी म्हैस. आपला डोळा हुशार असतो, हवं तेवढं बघतो आणि बाकीचं सोडून देतो. कॅमेऱ्याला ती अक्कल नसते. तो सगळं घेतो. मग त्याच्या वतीने सोडायचं काम आपण करायचं. दोन पावलं डावीकडे सरकलं की कारखान्याची चिमणी बगळ्यामागे लपते. गुडघ्यावर बसलं की रस्ता गवताखाली जातो. आपल्याकडे फोटो 'काढतात' म्हणतात ते मला फार पटतं. नको ते काढत काढत एक वस्तू उरली की फोटो झाला.

माझ्या रविवारच्या वर्गातही मी हेच सांगायचे. कारखान्यातले, वीजकेंद्रातले लोक नवा कॅमेरा घेऊन यायचे. एकजण दरवेळी विचारायचा, "मॅडम, फोकस किस पे करूँ?" मी म्हणायचे, आधी ठरव काय नकोय, फोकस आपोआप सापडेल. हे वाक्य मला स्वतःला इतकं आवडायचं की वर्गात दोनदा तरी यायचं.

गिऱ्हाइकांचंही तेच म्हणणं असायचं. एका हॉटेलवाल्यांनी माझा तिवरांचा फोटो परत पाठवला होता. खाडीच्या ओहोटीत उघडी पडलेली मुळं, त्यांत अडकलेली पानं, खेकड्यांची बिळं. मला तो फार जवळचा होता. ते म्हणाले, "मॅडम, गिऱ्हाईक जेवत असतं, समोर कचरा कशाला?" मी त्यांना त्याच खाडीतला एक बगळा दिला. तो अजून तिथे उभा आहे.

तर राऊत माझ्याकडे आले ते असेच स्वच्छ फोटो बघून. उमरोळीचे गृहस्थ, सभ्य, नेहमी इस्त्रीचा शर्ट. एका कंपनीने मनोरच्या बाजूला टेकडीचा एक मोठा तुकडा विकत घेतला होता, तिथे सुट्टीला येणाऱ्या लोकांसाठी बंगले बांधायचे होते. राऊत कंपनीचं स्थानिक काम बघायचे. त्यांना जाहिरातीसाठी फोटो हवा होता.

"मोकळं वाटलं पाहिजे, मॅडम," ते म्हणाले. "माणूस शहरातून येणार. त्याला श्वास घ्यायला जागा दिसली पाहिजे."

दिवाळी नुकतीच झाली होती. पावसानंतरचं गवत कमरेएवढं वाढून पिवळं पडलं होतं. टेकडीच्या खालच्या अंगाला एक ताड एकटाच उभा होता. मी वाइड लेन्स लावली. ही लेन्स जवळचं मोठं करते आणि दूरचं लांब ढकलते. मग पोटावर झोपले. गवत पुढे समुद्रासारखं पसरलं, मागची झाडं एका बारीक हिरव्या रेघेएवढी झाली, आणि मध्ये ताड. वाऱ्याने गवत एका दिशेला वळलं त्या क्षणी बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितलं आणि मला स्वतःलाच बरं वाटलं. कित्येक वर्षांत इतका नेटका फोटो जमला नव्हता. राऊतांनी पडदा बघून हात जोडले.

काही आठवड्यांनी तो फोटो मनोरजवळ हायवेच्या कडेला एका मोठ्या फलकावर लागला. नवऱ्याला घेऊन मी मुद्दाम बघायला गेले. तो म्हणाला, "चांगला आहे. पण ही जागा कुठली?" ती टेकडी आमच्या समोरच होती, फलकाच्या मागे. मी तिकडे बोट दाखवलं. त्याने फलकाकडे बघितलं, टेकडीकडे बघितलं, आणि चहा घेऊ म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात जानकीबाई स्टुडिओत आल्या. टेकडीच्या पायथ्याच्या पाड्यावरच्या, माझ्याच वयाच्या, ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या. फलक कोणी केला ते विचारत विचारत त्यांनी मला गाठलं होतं.

"तो फोटो तुमी काढला?"

"हो."

"त्यात आमचं रान कुठं हाय?"

"मागे आहे. बारीक दिसतं."

"आमी जवळ जाऊन बघितलं. नाय दिसत."

त्या चिडलेल्या नव्हत्या. फक्त विचारत होत्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. कंपनीने झाडं तोडायची परवानगी मागितली होती. अर्जात लिहिलं होतं, जागा बहुतेक उघडी आहे, झाडं तुरळक आहेत. सोबत माझा फोटो जोडला होता. पाड्याने हरकत घेतली होती. वरच्या अंगाला दाट झाडं आहेत आणि तिथल्याच झऱ्याचं पाणी पाडा पितो, असं त्यांचं म्हणणं.

"आमाला पण फोटो पायजे, ताई. रानाचा."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला काही कारण सापडलं नाही. एका गिऱ्हाइकाचं काम केलं म्हणून दुसऱ्याचं करू नये असा काही आमच्या धंद्यात नियम नाही. लग्नात आम्ही दोन्ही पक्षांचे फोटो काढतो.

जानकीबाई मला वर रानात घेऊन गेल्या. ऐन, मोह, पळस, कुडा, त्यांवर चढलेल्या वेली, खाली वाळकी पानं. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला. पुन्हा लावला. कुठेही बघितलं तरी काहीतरी मध्ये येत होतं. एक खोड धरलं की त्याच्यापुढे दुसरी फांदी. फांदी टाळली की तिसऱ्या झाडाची वेल. नजर टेकायला एक वस्तू मिळेना. मी उगाच इकडून तिकडे फिरत राहिले.

"काढा ना," जानकीबाई म्हणाल्या. "काय शोधताय?"

"काय काढू ते बघतेय."

"एवढी झाडं हायत की."

शेवटी आम्ही समोरच्या उतारावर गेलो. तिथून मी टेली लेन्स लावली. ही लेन्स वाइडच्या उलट. दूरचं जवळ ओढते आणि पुढचं-मागचं एकमेकांवर दाबून बसवते. मध्ये चांगलं अंतर असलेली झाडंही खांद्याला खांदा लावून उभी असल्यासारखी दिसतात. पूर्ण चौकट झाडांनी भरली. जानकीबाईंनी पडद्यात बघितलं आणि पहिल्यांदा हसल्या. मग बोट ठेवलं. डाव्या कोपऱ्यात पत्र्याची शेड दिसत होती आणि तिच्याभोवती थोडी साफ केलेली जमीन. त्यांच्या दिराने तिथे नाचणी लावली होती.

"हे नका येऊ देऊ."

मी कॅमेरा जरासा उजवीकडे फिरवला. शेड गेली.

घरी येऊन तो फोटो मोठा केला आणि माझ्या मनात जो घोळ सुरू झाला तो तिथून. माझ्या सगळ्या नियमांनी तो वाईट फोटो होता. नायक नाही, मोकळी जागा नाही, नजरेला वाट नाही. असे फोटो मी वर्गात पोरांना पुसून टाकायला लावत आले. आणि तरी मी त्याच्यासमोरून हलेना. बघता बघता एक वाकडी फांदी दिसायची, मग तिच्यामागे ढोलीचं तोंड, मग एक लालसर पान. थोड्या वेळाने बघावं तर ती फांदी पुन्हा सापडायची नाही. ताडाचा फोटो एका नजरेत बघून व्हायचा. बघून झाल्यावर त्यात पुन्हा जायला काही उरायचं नाही. मला ठरवता येईना की हा दुसरा खरंच चांगला आहे, की म्हातारपणी माझी नजर बिघडली. डोळ्यांच्या डॉक्टरकडेही जाऊन आले. चष्मा तोच राहिला.

पाड्याने तो फोटो आपल्या हरकतीला जोडला, आणि मग परवानगी देणाऱ्या कचेरीतलं बोलावणं.

एका बाजूला राऊत बसले होते, दुसऱ्या बाजूला जानकीबाई. साहेब विदर्भातले, नुकतेच बदलून आलेले, शांत बोलणारे. त्यांनी दोन्ही फोटो माझ्याकडे सरकवले.

"दोन्ही तुमचेच?"

"हो."

"जागा एकच?"

"हो."

"मग यातला खरा कुठला?"

"दोन्ही खरे आहेत, साहेब. मी काही घातलेलं नाही, काही पुसलेलं नाही."

"असं कसं? इथे एक झाड, इथे एवढी झाडं. दोन्ही खरं कसं असेल?"

टेबलावर चहाचे पेले होते. मी ते जरा जरा अंतरावर एका ओळीत मांडले, मोबाइल टेबलाला टेकवून पहिल्या पेल्याजवळ धरला आणि फोटो काढला. पहिला पेला बादलीएवढा आला, बाकीचे मागे टोपणांसारखे. मग खोलीच्या पार दारापाशी गेले, तिथून झूम करून काढला. सगळे पेले एकमेकांना चिकटून आले. साहेबांनी दोन्ही फोटो पुन्हा पुन्हा बघितले.

"म्हणजे तुम्ही उभ्या कुठे राहता त्यावर आहे."

"हो. आणि लेन्सवर."

"मग झाडं किती आहेत?"

"ते मला माहीत नाही. मी झाडं मोजत नाही."

साहेब खुर्चीत मागे टेकले. त्यांचाही माझ्यासारखाच गोंधळ झालेला दिसत होता. राऊत हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तुम्ही आमचं काम केलं होतं ना?" जानकीबाई माझ्याकडे बघत होत्या. "ताई, तुमी नक्की कोणाच्या?" मी मांडलेले पेले पुन्हा जागच्या जागी ठेवू लागले. कोणाची फसवणूक केली असं मला वाटत नव्हतं.

साहेबांनी जागा बघायची ठरवली. काही दिवसांनी आम्ही सगळे एकाच जीपमधून गेलो. सोबत झाडं मोजायला त्यांचे दोन कर्मचारी होते.

"तुम्ही कुठे झोपला होता ते दाखवा," साहेब म्हणाले.

ताड सापडला, पण माझी जागा सापडेना. मधल्या काळात पाड्यातल्या लोकांनी गवत कापून त्याचे भारे बांधून नेले होते. गवताचा समुद्र गेला होता. उघड्या जमिनीवर जागोजागी सागाची गुडघ्याएवढी रोपं उभी होती. मी पोटावर झोपले तेव्हाही ती तिथेच असणार, गवतात. माझ्या फोटोत ती होती आणि दिसत नव्हती. राऊत त्या रोपांकडे बघत राहिले. ते म्हणाले, "हे मला खरंच माहीत नव्हतं."

मग समोरच्या उतारावर गेलो. तिथे दुसरीच गंमत. पानगळ झाली होती. ज्या रानातून आभाळाचा ठिपका दिसला नव्हता, त्यातून आता आरपार दिसत होतं. खोडांमधली अंतरं, पत्र्याची शेड, दिराची नाचणीची जमीन, सगळं. जानकीबाईंनी पदर सारखा केला आणि स्वतःच म्हणाल्या, "ती शेड आमच्या घरातलीच हाय, साहेब. तेवढंच हाय पण."

कर्मचारी झाडं मोजत, खोडांवर खूण करत फिरत होते. साहेब माझ्याजवळ आले. "मॅडम, आता आलाच आहात तर फाइलसाठी एक फोटो काढून द्या. कंपनीचा नको, पाड्याचा नको. टेकडी जशी आहे तशी."

हे काम मला सोपं वाटलं. तेवढ्यापुरतंच. कॅमेरा उचलला. ताडाकडून धरावं तर राऊतांचा फोटो होतो. उतारावरून धरावं तर जानकीबाईंचा. मधली लेन्स लावली तर निम्मी टेकडी राहते, आणि कुठली निम्मी ते पुन्हा मलाच ठरवायचं. राऊत म्हणाले, "मॅडम, इकडून खालचं मैदान येतं बघा." जानकीबाईंनी दुसरीकडे हात केला. "ताई, तिकडं झरा हाय, तो घ्या." मी दोघांच्या मध्ये उभी. सगळं आयुष्य काय नको ते ठरवण्यात गेलं, आणि आता काहीच टाकायचं नाही म्हटल्यावर हात चालेना. शेवटी मी जिथे होते तिथेच उभी राहिले आणि गोल फिरत फोटो काढत गेले. समोर जे आलं ते घेतलं. कुठे निम्मा ताड आला, कुठे जीपचं चाक. एकात राऊतांचा हात एका दिशेला, जानकीबाईंचा दुसऱ्या दिशेला, आणि मध्ये साहेबांचं डोकं वरून कापलेलं.

ते सगळे फोटो मी कचेरीत पाठवले. साहेबांचा फोन आला. "फोटो मिळाले. पण यातून काही कळत नाही हो." मी म्हटलं, "मलाही नाही कळत." ते हसले. फाइलमध्ये शेवटी झाडांची मोजणी लागली, फोटो एकही लागला नाही.

मोजणीत झाडं कंपनीच्या अर्जापेक्षा पुष्कळ जास्त निघाली आणि पाड्याच्या म्हणण्यापेक्षा बरीच कमी. निकालही तसाच मधला आला. खालच्या अंगाला थोडं बांधकाम करता येईल, वरच्या रानाला हात लावायचा नाही, झऱ्याकडची वाट मोकळी ठेवायची. कंपनीला तो पसंत पडला नाही, कारण हवे तेवढे बंगले बसेनात. पाड्यालाही पसंत पडला नाही, कारण कुंपण तर झालंच, वाटेसाठी त्यात एक लोखंडी फाटक ठेवलं एवढंच. राऊतांनी ती नोकरी सोडली. आता बोईसरच्या एका कारखान्यात आहेत. बाजारात भेटलो की आम्ही थांबून बोलतो. टेकडीचा विषय मात्र दोघंही काढत नाही.

मी कोणाचं नुकसान केलं, कोणाचा फायदा केला, हे मला खरंच सांगता येत नाही. माझे फोटो नसते तरी मोजणी झालीच असती. की त्या फोटोंच्या भांडणामुळेच साहेब टेकडीवर आले? नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "तू फोटो चांगले काढलेस एवढं मला माहीत आहे." पण कुठला, ते तोही सांगेना.

रविवारचा वर्ग मी बंद केलेला नाही. फक्त पूर्वीसारखं ठणकावून बोलवत नाही. परवा एका मुलीने झाडाझुडपांचा एक पार गचडी झालेला फोटो दाखवला. माझ्या तोंडून सवयीने 'पुसून टाक' येणार होतं. मी म्हटलं, "राहू दे दोन दिवस. मग बघू."

यंदा श्रावण सरल्यावर जानकीबाई पुन्हा आल्या. मी त्यांना ते गोल फिरून काढलेले फोटो दाखवले. हातवाला फोटो बघून त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या, "मी तिकडं झरा दाखवत होते. तो कोणत्याच फोटोत नाय आला."

"नाही आला."

"एकदा या. कचेरीसाठी नको. असाच."

म्हणून गेले. त्या लोखंडी फाटकातून आत गेलो आणि वर चढलो. पावसाने सगळं पुन्हा भरून आलं होतं. वाट दिसत नव्हती, जानकीबाईंच्या मागे पाय टाकत गेले. एका मोठ्या खडकाखाली त्या थांबल्या. "हा."

काळोखी जागा. शेवाळ, नेचे, कुजलेली पानं, खडकावर पसरलेली कुठल्याशा झाडाची मुळं. मी वाइड लावली, मग टेली लावली. उभी राहून घेतला, बसून घेतला. एकही पान बाजूला केलं नाही. मनात आलं होतं, पण केलं नाही. मग पडदा जानकीबाईंसमोर धरला. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं, मान तिरकी केली.

"यात पाणी कुठं हाय?"

मी फोटो मोठा केला आणि बोटाने सरकवत शोधू लागले. मुळं आली, शेवाळ आलं, एक बेडूक आला. पाणी काही सापडेना. दोघींची डोकी त्या एवढ्याशा पडद्यावर वाकलेली, आणि पायाजवळ झरा एवढ्या मोठ्याने वाहत होता की मला जानकीबाईंचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं.